नटीचे क्षेमकुशल

मराठी वाङ्मयात स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा मानाची आहे, आणि तिचे नाव निघाले की 'स्मृतिचित्रे'पाशी थांबून तृप्त होण्याची आपणां सर्वांस सवय जडली आहे. ह्याच परंपरेला एक आडबाजूचे दालन आहे. रंगभूमीवर व रुपेरी पडद्यावर वावरलेल्या स्त्रियांनी स्वतःविषयी जे लिहिले, किंवा सांगून लिहवून घेतले, ते त्या दालनात येते. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०), लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' (१९८१) आणि दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' (१९८२) ही तीन पुस्तके तेथे दर्शनी मांडलेली असतात, आणि वाचक ती आवडीने मागतात. त्यांच्याही आधीचे, १९४० सालचे, एक पुस्तक मात्र सहसा कोणी मागत नाही. शांता आपटे यांच्या ह्या पुस्तकाचे नाव 'जाऊ मी सिनेमात?' असे आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते मुख्यत्वे ह्या उपेक्षेसंबंधी आहे.

पहिली तीन पुस्तके आणि हे चौथे यांत एक भेद प्रथमदर्शनीच ध्यानात येतो. ती तिन्ही मागे वळून लिहिलेली आहेत. दुर्गाबाईंचे पुस्तक निघाले तेव्हा त्यांचे वय सत्याहत्तर होते. लीलाबाईही सत्तरीला टेकलेल्या होत्या. हंसाबाईंचे वय तेवढे नव्हते, पण पुस्तक निघाल्यानंतरच्या वर्षी, १९७१ साली, त्या वारल्या. म्हणजे तिघींनाही आपल्या गोष्टीचा शेवट बराचसा ठाऊक होता. कोणते काम गाजले, कोणता माणूस फसवा निघाला, कोणत्या वळणावर चुकले, हे सारे ठरून गेल्यावर त्या बोलत आहेत. शांताबाईंचे तसे नाही. १९१६ चा जन्म धरला तर पुस्तकाच्या वेळी त्या चोविशीतल्या होत्या. मोठे यश नुकतेच पदरात पडलेले, ते ज्या संस्थेत मिळाले तिच्याशी बिनसलेले, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ह्याचा पत्ता नाही, अशा स्थितीत त्यांनी लेखणी हाती घेतली. उमेदीच्या काळातल्या नटीने आपली हकीकत त्या काळातच लिहावी, असे आमच्या भाषेत क्वचितच घडले आहे.

तरुण नटीच्या हकीकतीची भूक वाचकांना नव्हती असे नाही. बोलपट आल्यावर चित्रपटविषयक नियतकालिकांचे जे पेव फुटले त्यांचा निम्मा संसार अशा हकीकतींवर चालत असे. अमकी सध्या कोणत्या चित्रात काम करीत आहे, तिने कोणती कंपनी सोडली, तिला कोणता रंग आवडतो, ती विवाह करणार किंवा कसे, ह्या मजकुराला रकानेच्या रकाने मिळत. आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण सरकारी सेवेत आयुष्य काढणारे आहेत. त्यांना गोपनीय अहवाल म्हणजे काय हे समजावून देण्याचे कारण नाही. नटीचाही असा एक अहवाल असतो, फक्त तो गोपनीय नसतो, आणि तो लिहिणाऱ्याने तिचे काम पाहिलेच असेल अशी खात्री देता येत नाही. शांताबाईंचेच पाहा. त्या 'फिल्मइंडिया'च्या संपादकांच्या खोलीत छडी घेऊन शिरल्याची गोष्ट अद्यापि चवीने सांगितली जाते. ती खरी किती व रचलेली किती ह्या वादात आम्ही पडत नाही. परंतु त्यांच्या छडीची गोष्ट सर्वतोमुखी व्हावी आणि त्यांच्या पुस्तकाचे नाव सांगितल्यावर चार जाणत्यांनीही प्रश्नार्थक मुद्रा करावी, यात आपल्या वाचनाभिरुचीचेच चित्र उमटलेले आहे.

शांताबाईंच्या कर्तृत्वाचा थोडा आढावा येथे घेणे प्राप्त आहे. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) ह्या बोलपटातून त्या पडद्यावर आल्या. पुढे प्रभात कंपनीत 'अमृतमंथन' (१९३४), 'अमरज्योति' (१९३६), 'गोपालकृष्ण' (१९३८) इत्यादी चित्रांत त्यांनी भूमिका केल्या. तथापि त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते 'कुंकू'शी. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली केलेल्या ह्या चित्रात जरठ वराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्यांनी उभी केली. केशवराव दात्यांसारखा कसलेला नट समोर असता ही नीरा कोठेही दबत नाही. रडून सहानुभूती मिळवण्याचा सोपा मार्ग तिला मोकळा होता. तो टाकून ती नकार देते, आणि तो नकार शब्दांत जितका तितकाच मानेच्या एका झटक्यात व दार लावून घेण्यात दिसतो. त्या काळच्या नायिकेच्या अंगी असा ताठा क्वचितच आढळे.

'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' ह्या नावाने निघाला. चित्रपटाच्या दोन भाषांतील आवृत्त्या म्हणजे आजच्याप्रमाणे मागाहून दुसरे संवाद भरून केलेले काम नव्हे. दृश्य एकदा मराठीत घ्यावयाचे आणि तेच पुन्हा हिंदीत घ्यावयाचे, अशी ती रीत होती. दिवे तेच, उष्मा तोच, रडणे मात्र दोनदा. गाणारी नटी असेल तर गाणेही दोन भाषांतून. आमच्या वाचकांस दोन पदांचा कार्यभार एकाच वेळी सांभाळण्याचा प्रसंग आला असेल, आणि अशा वेळी जादा कार्यभाराच्या भत्त्याचा विषय कोणत्या कसोशीने निघतो हेही ते जाणतात. महिन्याच्या पगारावर बांधलेल्या नटीच्या बाबतीत असा हिशेब मांडला जाईल ही कल्पनाच तेव्हाच्या प्रेक्षकाला शिवली नसती. ती पडद्यावर दिसत होती, म्हणजे ती सुखी होती.

ह्या पार्श्वभूमीवर १९३९ सालची घटना ध्यानात घ्यावी लागते. त्या वर्षीच्या जुलैत शांताबाई पुण्यास प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद पगाराचा व कराराचा होता. त्यात कोणाची बाजू किती खरी हे ठरविण्यास आम्ही बसलेलो नाही. प्रभातने मराठी चित्रसृष्टीसाठी जे केले त्याचे मोलही कोणी नाकारणार नाही. पण उपोषण हे शस्त्र तोवर राजकीय पुढाऱ्यांचे व गिरणी कामगारांचे समजले जाई. एका लोकप्रिय नटीने ते उचलले ह्याचा अर्थ असा की आपण पगारी कामगार आहोत असे ती मानीत होती. पुढच्या वर्षी निघालेले पुस्तक ह्याच जाणिवेतून आलेले आहे.

'जाऊ मी सिनेमात?' हा प्रश्न शांताबाईंचा स्वतःचा नव्हे. सिनेमात जाऊ इच्छिणारी तरुण मंडळी त्यांना जो प्रश्न विचारीत तोच त्यांनी पुस्तकाच्या मथळ्यावर घेतला, आणि उत्तरादाखल आपली जीवनकथा न सांगता धंद्याची रचना सांगितली. भांडवल कोण घालतो, चित्राचे उत्पन्न कोणकोणाच्या हातांतून जाते, नटाचा त्यात वाटा किती, करार कोणाच्या सोयीचा असतो, आणि ह्या यंत्रात सापडलेल्या माणसाच्या शरीराचा व उत्साहाचा कसकसा क्षय होतो, हा त्यांचा विषय आहे. रात्रीची जागरणे, दिव्यांची धग, वाट पाहण्यात जाणारे तास, ह्या गोष्टी त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत. धंद्याच्या खर्चात न धरलेली बाब म्हणून सांगतात. तरुण, रूपवती, गाणारी नटी अर्थशास्त्राच्या भाषेत बोलू लागली म्हणजे वाचकाचा विरस होतो. तसा तो झाला असावा. ज्यांना 'कुंकू'तल्या नीरेचे घरगुती क्षेमकुशल हवे होते त्यांना हातात जमाखर्च मिळाला.

वाङ्मय म्हणून ह्या पुस्तकाचे दोष उघड आहेत, आणि ते झाकण्यात काही हशील नाही. विवेचन जागोजाग व्याख्यानाच्या वळणावर जाते. माणसे दिसत नाहीत. धनिक, निर्माता, कलावंत अशा जाती दिसतात. एखादा प्रसंग डोळ्यांसमोर उभा करण्याचे सामर्थ्य जिने पडद्यावर क्षणोक्षणी दाखविले, ती लेखिका म्हणून प्रसंगांच्या वाटेलाच जात नाही. लेखिकेने स्वतःला इतके बाजूस ठेवावयास नको होते असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही. तरीही ह्या अलिप्ततेमागे संकोच नसून बेत असावा असा आमचा तर्क आहे. स्वतःची करुणकहाणी सांगितली असती तर लोकांनी ती एकीची कहाणी म्हणून वाचली असती, हळहळ व्यक्त केली असती, आणि पुढच्या अंकात दुसरीची मागितली असती.

हा तर्क पटण्यास 'सांगत्ये ऐका'चे उदाहरण घ्यावे. ह्या पुस्तकाच्या वाङ्मयीन श्रेष्ठतेविषयी दुमत नाही. हंसाबाईंनी सांगितले, अरुण साधूंनी शब्दबद्ध केले. पण निवेदनाचा सूर इतका जिवंत राहिला आहे की मध्यस्थाची चाहूल लागत नाही. रतन साळगावकर ही कोवळ्या वयातली मुलगी घरची नड भागविण्यासाठी 'विजयाची लग्ने' (१९३६) ह्या चित्रात उभी राहिली, तिची हंसा वाडकर झाली, 'संत सखू' (१९४१) व 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) ह्या चित्रांनी ती घरोघरी पोहोचली, आणि ह्या सबंध काळात तिला संसार हवा होता व तो लाभत नव्हता. हे सारे त्या ज्या निर्भीडपणे सांगतात तो मराठीत अपूर्व होता. पुस्तक गाजले ते ह्या निर्भीडपणामुळे. त्यातील मद्यपान, परपुरुष, पळून जाणे ह्यांची चर्चा झाली. श्याम बेनेगल यांनी १९७७ साली त्यावरून 'भूमिका' हा चित्रपट केला आणि स्मिता पाटील यांनी ती भूमिका संस्मरणीय केली.

परंतु पुस्तक पुन्हा एकवार सावकाश वाचावे. त्या साऱ्या वादळाखाली एक साधा, कोरडा हिशेब सतत चालू आहे: पैसा मिळवते कोण आणि तो हाताळते कोण. मुलगी मिळवती झाली म्हणून शाळा सुटते. बाई मिळवती आहे म्हणून तिने काम सोडून घरी बसणे नवऱ्यास परवडत नाही. तिचे करार दुसरे करतात. घरात राहण्याची तिची इच्छा आणि घराला असलेली तिच्या कमाईची गरज ह्यांचा मेळ शेवटपर्यंत बसत नाही. हंसाबाईंनी हे लपविलेले नाही. पानोपानी सांगितले आहे. वाचकांनीच ते ओलांडून पुढची पाने उलटली. जे हंसाबाईंच्या पुस्तकात व्यसनाच्या व प्रेमाच्या कथेआड गेले, तेवढेच शांताबाईंनी तीस वर्षे आधी सुटे करून दाखविले होते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तरच दोहोंचे मोल कळते; एकात मांस आहे, दुसऱ्यात हाडे.

दुर्गाबाईंचे पुस्तक वेगळ्या घडणीचे. लाडांच्या सुखवस्तू, सुशिक्षित घरातली मुलगी, खोट्यांच्या श्रीमंत घरातली सून; ते वैभव ओसरल्यावर शिकवण्या करून संसाराला हातभार लावणारी तरुणी. तिच्याकडे १९३१ साली 'फरेबी जाल' ह्या चित्रातील एक लहानसे काम चालून आले. पैशाची नड होती म्हणून तिने ते केले. उरलेले चित्र काय आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे हेही ठाऊक नव्हते. चित्र झळकले तेव्हा जाहिरातीत तिच्या माहेरसासरच्या नावांचा डंका वाजविण्यात आला आणि चित्र हिणकस निघाल्याने दोन्ही घराण्यांची शोभा झाली. पुढे शांतारामांनी तिला 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये तारामतीचे काम दिले आणि तिचे भाग्य उघडले, ही कथा सर्वश्रुत आहे. राणीच्या भूमिकेसाठीच जन्मलेली ही स्त्री, असे मग सारेच म्हणू लागले. पहिली चूक नियतीने सुधारली, असा ह्या भागाचा वाचकाच्या मनावर ठसा उमटतो. आम्हांस मात्र त्या पहिल्या चुकीपाशीच रेंगाळावेसे वाटते. कथा न दाखविता काम करवून घेणे, नावाचा परवानगीवाचून उपयोग करणे, ह्या गोष्टींना शांताबाईंच्या पुस्तकात कराराचा दोष म्हटले गेले असते. दुर्गाबाईंच्या पुस्तकात पन्नास वर्षांच्या अंतराने त्या तरुणपणीचे एक कटू प्रकरण झाल्या आहेत. त्यांचे गद्य संयत आणि डौलदार आहे. डौल राखावयाचा म्हटले की काही प्रश्न विचारता येत नाहीत.

त्याच पुस्तकातला कलकत्त्याचा काळ आमच्या परप्रांतस्थ वाचकांनी आवर्जून वाचावा. 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) ह्या देवकी बोस यांच्या चित्रांसाठी दुर्गाबाई बंगालमध्ये राहिल्या. 'सीता' पुढे व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला. शांताबाईही प्रभात सोडल्यावर दूरदूर गेल्या: तामिळ 'सावित्री' (१९४१) मध्ये त्या सावित्री झाल्या, त्यासाठी त्या भाषेचा अभ्यास केला, आणि त्या चित्रात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी, पाठोपाठ १९४२ साली लाहोरच्या 'जमीनदार'मध्येही त्यांनी काम केले. बदलीच्या गावी नवी भाषा, नवे शेजार आणि घरच्या पत्राची वाट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ह्या फिरतीचे अप्रूप वाटेल. फरक एवढाच की बदलीचा हुकूम निघाला तरी सरकारी नोकराची ज्येष्ठता सोबत जाते. नटीला प्रत्येक ठिकाणी पहिल्या पायरीपासून प्रारंभ करावा लागे. शांताबाई १९६४ साली गेल्या. 'कुंकू'नंतरच्या सत्तावीस वर्षांत त्या तोडीची दुसरी भूमिका त्यांच्या वाट्यास आली नाही.

लीलाबाईंच्या 'चंदेरी दुनियेत'विषयी येथे थोडक्यात बोलून चालेल. धारवाडच्या प्राध्यापकाची ही पदवीधर कन्या 'कंगन' (१९३९) व 'बंधन' (१९४०) ह्या बॉम्बे टॉकीजच्या चित्रांनी देशभर पोहोचली, आणि १९४१ साली साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका ठरली. पुढे तीच पडद्यावरची सोशिक आई झाली. पुस्तक प्रांजळ आहे, परंतु त्यात धावपळ फार. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात वाचकाला उतरण्यास उसंत मिळत नाही. आम्हांस त्यात विशेष वाटले ते एवढेच की शिक्षणाने नटीला प्रतिष्ठा दिली, वाटाघाटीचे बळ मात्र दिले नाही, हे त्यातून नकळत दिसते.

आज तरुण नटीला स्वतःची हकीकत सांगण्यास संपादकाची गरज उरलेली नाही. ती आपल्या हातातल्या यंत्रावरून रोज सांगते: नवे काम मिळाले, चित्रीकरण सुरू झाले, अमुक गावी जात आहे. पाहणारे लाखांनी असतात. ह्या दैनंदिनीत आनंद असतो, कृतज्ञता असते, क्वचित अश्रूही असतात. पगाराचा आकडा आणि कराराचे कलम मात्र नसते. ते सांगितले तर पुढचे काम मिळणार नाही हे तिला पक्के माहीत असते. म्हणून ह्या मौनाचा दोष आम्ही तिला देत नाही.

ते मौन मोडले गेले ते एका सरकारी अहवालात, ही गोष्ट आमच्या वाचकांस रुचावी. २०१७ साली केरळात एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर त्या राज्याच्या शासनाने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी ह्या तिच्या सदस्या होत्या. मल्याळी चित्रसृष्टीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या साक्षी घेऊन समितीने २०१९ च्या डिसेंबरात अहवाल सादर केला. तो साडेचार वर्षांहून अधिक काळ कपाटात राहिला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, काही मजकूर वगळून, बाहेर आला. त्यातील लैंगिक छळाचा भाग भयंकर आहे. वृत्तपत्रांनी तो ठळकपणे छापला हे योग्यच झाले. परंतु त्याच अहवालात लेखी करार नसणे, ठरलेला मोबदला न मिळणे, चित्रीकरणाच्या जागी शौचकूप व कपडे बदलण्याची खोली नसणे, अशा रूक्ष बाबींचीही नोंद आहे, आणि छळ जेथे बिनबोभाट चालतो ती जागा ह्याच रूक्ष बाबींनी घडविलेली असते हे तो अहवाल वाचताना कळते. हा भाग किती जणांनी वाचला असेल कोण जाणे. 'जाऊ मी सिनेमात?' ज्यांनी वाचले आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. भाषा तेवढी कार्यालयीन झाली आहे.

परप्रांतातील आपल्या एखाद्या मंडळाच्या जुन्या कपाटात शांताबाईंच्या पुस्तकाची प्रत असण्याचा संभव आहे. ती सापडल्यास कोणत्या विभागात नोंदवावी असा प्रश्न ग्रंथपालास पडेल. चरित्र ते नाही, सिनेमाविषयक पुस्तकांत घातले तर छायाचित्रांच्या अपेक्षेने नेलेले दुसऱ्या दिवशी परत येईल. अर्थशास्त्राखाली नोंदवून 'सांगत्ये ऐका'च्या शेजारी ठेवावे, म्हणजे हंसाबाईंचे पुस्तक न्यावयास आलेल्या वाचकाच्या हाती तेही लागेल.